सुमनबाईचा मोह, माझं गवत

१७ जानेवारी

दुधरामची गुरं आज पुन्हा माझ्या पट्टीत घुसली. बोराटीच्या काट्यांचं कुंपण कोणीतरी बाजूला सरकवलं होतं. गुरांना काही हात नसतात. मी ओरडत गेलो, तर हा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभा राहून आरामात बिडी ओढून राहिला. वर मलाच म्हणतो, "केवळराम भाऊ, धान कापला का मंग वावर साऱ्या गावाच्या गुरांचं. बापजाद्यापासून असंच हाय. तुमी काऊन नवीन कायदा काढून राहिले?"

"या पट्टीत मी धान लावलाच नाई," मी म्हणालो, "तर कापला कधी?"

"मंग काय लावलं? गवत?" आणि खो खो हसला. "चितळाचे सोयरे झाले तुमी!"

हो, झालो. लिहूनच ठेवतो, कारण घरात हा विषय काढला की प्रफुल्लची माय, म्हणजे माझी बायको, टीव्हीचा आवाज वाढवते. मागच्या मार्चात याच दुधरामच्या कुत्र्यांनी माझ्या डोळ्यांसमोर चितळाचं पाडस फाडलं. माय-लेकरू जंगलातून बोडीवर, आमच्या छोट्या तळ्यावर पाणी प्यायला आले होते. जंगल या बाजूला, बोडी त्या बाजूला, मधे माझं वावर, आणि वावरात धसकटं सोडून एक काडी उभी नाही. माय उड्या मारत निघून गेली. पाडसाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, लपायला जागाच नव्हती, तर ते बिचारं धुऱ्याला चिकटून खाली बसलं. मी धावलो, चप्पल फेकून मारली, ओरडून घसा फोडला. पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. कुत्रे माझ्याकडे पाहून शेपूट हलवून राहिले होते.

त्याच दिवशी ठरवलं, जंगलापासून बोडीपर्यंतची पट्टी नांगरायची नाही, कापायची नाही, चारायची नाही. सातबारा माझ्या नावावर आहे. कोणाच्या बापाचं काय जाते?

२ फेब्रुवारी

पट्टी आता पाहण्यासारखी झाली आहे. गवत छातीला लागते. कुड्याचे आणि पळसाचे ठुंठ यंदा तोडले नाहीत, ते फुटून दाट झाले. धुऱ्यांवरच्या छाटलेल्या फांद्या न जाळता गवतात जागोजागी रचून ठेवल्या. खाली पोकळी राहते, पाडस आत शिरून बसू शकते. कुंपणात खालून वाटा ठेवल्या, चितळ वाकून जाईल पण गाय अडेल अशा. प्रफुल्लची माय म्हणते, "लोकं वावरातला कचरा बाहेर काढतात, तुमी बाहेरचा आत भरून राहिले." तिला म्हटलं, तुला नाही कळायचं. म्हणाली, "बरं."

तिचं हे "बरं" ऐकलं की डोकं फिरते.

पट्टीच्या मधोमध मात्र मोह उभा आहे, आणि तो मोह माझा नाही. जमीन माझी, झाड सुमनबाईचं. आमच्या गावात असं चालते. बाबांनी जमीन मला दिली आणि बाईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, गावातच दिलेली होती म्हणून, हा मोह दिला. दरवर्षी मार्च लागला की ती येते आणि झाडाखालचा पाला-गवत पेटवून देते. जमीन साफ झाली की पडलेली फुलं वेचायला सोपी. सारं गावच असं करते, आणि जंगलात वणवा लागला की सारं गावच विचारते, कोणी लावला म्हणून!

यंदा तिला थांबवायला पाहिजे. छातीएवढं वाळलेलं गवत आहे, एक ठिणगी पुरे. पण मी कायले बोलू? दोन वर्षं झाली, ती माझं तोंड पाहत नाही. कारण काय, तर खळ्यावरच्या मांडवासाठी मी मोहाची एक फांदी तोडली. सुकलेली होती. बरीचशी सुकलेली होती. तर चारचौघांत म्हणाली, "बाबा असते तर तुहे हात तोडले असते." साठी ओलांडलेल्या माणसाला असं बोलतात? एसटीत जन्मभर कंडक्टरी केली मी, भरल्या गाडीला एका आवाजात गप्प करत होतो. मला कोणी असं बोललं नव्हतं. मीही कानाला खडा लावला.

२१ फेब्रुवारी

आली! बोडीच्या पाळीवर बसलो होतो. आधी कान दिसले, मग मान. पाणी पिऊन परत गवतात शिरली आणि तिच्यामागे एक एवढंसं पाडस, पायावर पाय पडत. पाठीवरचे ठिपके अजून ओले असल्यासारखे. फांद्यांच्या एका ढिगाजवळ दोघं दिसेनाशी झाली. मी रचलेला ढीग तो, मी!

थोड्या वेळाने माय एकटीच बाहेर आली आणि चरत चरत जंगलात गेली. पाडस आतच राहिलं. तिने विश्वासानं ठेवलं ना? दुधरामला ओढत आणून दाखवावंसं वाटलं. पण तो आला की कुत्रेही येतील.

घरी सांगितलं. प्रफुल्लची माय या वेळी "बरं" म्हणाली नाही. म्हणाली, "आता तरी बाईकडे जाऊन सांगा, यंदा जाळू नको म्हनून."

"मी कायले जाऊ? तिला गरज असेल तर ती येईल."

"गरज तुमाले हाय का तिले?"

जेवलो नाही.

२७ फेब्रुवारी

यावर उपाय केला. पत्र्याची पाटी रंगवली. लाल अक्षरं: "येथे आग लावू नये. हुकमावरून." बाई ज्या वाटेने येते त्या वाटेच्या तोंडावरच ठोकली. अक्षर चांगलं आलं.

प्रफुल्लची माय पाहून आली आणि कपाळावर हात मारला. "तिले वाचता येते का? तुमाले शाळेत पाठवाले ती गुरं राखत होती ना जी?"

मला माहीत आहे. मला सांगायची गरज नाही. येत नाही तर कोणाला विचारून घ्यावं. शिकलेली माणसं गावात काही कमी नाहीत. आणि लाल रंग दिसला की माणसानं समजावं.

८ मार्च

बाई आली. पाटीसमोर थांबली. खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं, आणि पुढे गेली. मी पाळीवर होतो. मला पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं. माझ्याच वावरात मला!

खराटा घेऊन आली होती. झाडाखालचं गवत विळ्याने कापलं आणि पाला झाडायला लागली. म्हणजे जाळायची तयारी. आधी गोळा करायचं, मग काडी लावायची.  तिच्यात माझ्याएवढीही ताकद राहिली नाही, चार हात मारले की कंबर धरून उभी राहते, पण हट्ट पाहा. एरवी काडी टाकून मोकळी व्हायची. यंदा मुद्दाम माझ्यासमोर, दाखवून दाखवून करून राहिली.

११ मार्च

अजून झाडूनच राहिली! रोज सकाळी येते. मोहाखाली मोठं गोल अंगण झालं आहे, सारवायचं तेवढं बाकी आहे. कडेला पाल्याचे ढीग. आज तर झाडता झाडता मधेच थांबली, फांद्यांच्या ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिली, मग तोंडाला पदर लावून हळूच मागे सरकली आणि दुसऱ्या बाजूने झाडायला लागली. काय पाहत होती कोणास ठाऊक. तिचं काही सरळ नसते.

प्रफुल्लची माय म्हणाली, बाई बोअरिंगवर भेटली होती, पाठ गेली म्हणत होती. मी म्हटलं, आग लावायच्या तयारीत पाठ जाणारच.

"तुमची बैलबंडी मागत होती. एक दिवसासाठी."

"बंडी? कायले?"

"मी नाई विचारलं. बहीण मागून राहिली तर देऊन टाकावं."

"फांदी तोडली तर हात तोडते, आणि बंडी पाहिजे! सांग तिला, चाक मोडलं आहे म्हणून."

"मोडलं का?"

"मोडलं म्हणून सांग."

१४ मार्च

पाल्याचे ढीग तसेच आहेत, ऊन वाढून राहिलं आणि पाला पापडासारखा वाळला आहे. एखाद्या दुपारी येईल, वाऱ्यात काडी लावेल आणि हात झटकून घरी जाईल. पाडस आत आहे. आजही माय सकाळी आली, दूध पाजून गेली. मला आता झोपेतही धूर दिसते.

ठरवलं. उद्या सकाळी वारा पडलेला असताना हे ढीग मीच जाळतो. एक-एक करून, शेजारी पाणी ठेवून, नजरेसमोर. मग तिला जाळायला काही उरणारच नाही. बस, बोंबलत राहा म्हणावं.

१५ मार्च

जळलं. सगळं जळलं.  उद्या लिहीन.

१६ मार्च

पहिला ढीग शांतपणे जळला. दुसराही. मी पाणी मारून विझवला, पायाने राख पसरली. स्वतःवर खूश होतो. तिसरा पेटवला आणि बादल्या रिकाम्या म्हणून बोडीवर गेलो. बोडी काही दूर नाही. पण पाणी खाली गेलं आहे, चिखलातून उतरावं लागते. बादली बुडवली आणि मानेवर वारा लागला.

मागे वळलो तोवर गवताने धरलं होतं. असा आवाज मी कधी ऐकला नाही, कोणी ताडपत्री फाडून राहिलं असा. बादल्या घेऊन धावलो, एक सांडली, एक ओतली, काय होते त्याने? मी रचलेले फांद्यांचे ढीग एकामागून एक भडकले. सगळ्यात जास्त तेच जळले.

तेवढ्यात बाई आली. डोक्यावर मोठी टोपली होती, रिकामी. ती फेकली, पळसाची ओली फांदी मोडली आणि आगीवर मारायला लागली. मीही मोडली. दोघं मारत राहिलो, एकमेकांकडे न पाहता. जंगलाच्या बाजूला नाला होता म्हणून तिकडे थांबली. पट्टी मात्र गेली.

दोन वर्षांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पाडस कुठं हाय?"

मी म्हटलं, तुला कसं माहीत?  ती गरम राखेत तशीच शिरली. सरळ गेली, इकडे तिकडे शोधलं नाही, त्या एकाच ढिगाशी गेली. तिथेच होतं. उठलंही नव्हतं. चार पाय पोटाशी घेऊन, मान खाली टेकवून. माय त्यांना तेच शिकवते, काही आवाज आला तर हलायचं नाही, गप पडून राहायचं. ते गप पडून राहिलं.

बाई तिथे उभी होती. साडीचा काठ जळला होता. मी काहीतरी म्हणालो. असं म्हणालो असेन की पाल्याचे ढीग तू केले नसतेस तर. ती माझ्याकडे न पाहता निघून गेली.

आणि खरंच आहे ना? ढीग कोणी केले? तिने. मी तर फक्त काडी लावली. मी तर तिने लावू नये म्हणून लावली.

१७ मार्च

प्रफुल्लची माय दोन दिवस बोलली नव्हती. आज ताट समोर आदळलं.

"टोपली घेऊन काऊन आली होती ती, विचारलं का?"

"मला काय माहीत."

"पाला न्याले! तुमी बंडी नाई दिली म्हनून डोक्यावर न्याले आली होती. खताच्या खड्ड्यात टाकाले. काल तिच्या पायाले मलम लावाले गेली होती मी. जाळायचंच असतं तर एवढे दिवस झाडत बसली असती का ती? कंबर मोडून?"

मी म्हटलं, मग तोंड नव्हतं का तिला?

"तुमाले होतं का?"

 हात धुऊन बाहेर आलो. अंगणात बंडी उभी आहे, दोन्ही चाकं चांगली. तिला लाथ मारली, अंगठा सुजला. गाढव आहे मी. कंबर धरून धरून ती झाडत होती, मी पाळीवर बसून पाहत होतो, आणि माझ्या खोपडीत एकदाही आलं नाही. तिला पाडस माझ्याआधी दिसलं असेल. ती तोंडाला पदर लावून मागे सरकली होती, ते उठू नये म्हणून. मी इथे बसून लिहिलं, तिचं काही सरळ नसते!

१८ मार्च

फॉरेस्टचा गार्ड आला. पाडसाचा पंचनामा काल झाला, ते घेऊन गेले. आज विचारपूस. विहारासमोर माणसं जमली. चांगला मुलगा आहे, "काकाजी जयभीम" म्हणून मला खुर्ची दिली. मग विचारलं, "आग कोणी लावली?"

मी तोंड उघडेपर्यंत दुधराम बोलला, "मोहवाल्यांनी, आनखी कोन? तो मोह कोनाचा हाय, साऱ्या गावाले मालूम हाय." दोघा-चौघांनी माना हलवल्या. बाई कडेला उभी होती, पायाला फडकं बांधलेलं. गार्ड म्हणाला, "काकी, तुम्ही लावली का?"

ती काही बोलली नाही. माझ्याकडे पाहत होती. तिथल्या साऱ्यांत फक्त माझ्याकडे.

"मग परवा ऑफिसला यावं लागेल, काकी. जनावर मेलं आहे, साधी गोष्ट नाही."

आणि मी खुर्चीवर बसून होतो. बसून होतो!  मनात आलं, केस होईल, पेन्शन, कोर्ट, लोक हसतील, चितळांचा सोयरा चितळ जाळून बसला. गार्ड फटफटीवर बसून गेला, माणसं पांगली, आणि मी दुधरामने दिलेला चहा प्यालो. त्याच्या हातचा चहा! थू माझ्यावर.

१९ मार्च

गेलो. तिच्या अंगणात उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"बाई."

तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

"बाई, तू गार्डले काऊन नाई सांगितलं, मी लावली म्हनून? तुले तर मालूम होतं."

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. "तू तिथं बसला होता म्हनून. म्हटलं, पाहू. बोलते का माहा भाऊ."

मला जागीच मेल्यासारखं झालं. म्हणालो, चुकलो, फांदीचंही चुकलो, बंडीचंही. ती एकदम उसळली. एवढी रागावलेली मी तिला बाबा गेले तेव्हाही पाहिली नव्हती.

"फांदी जाऊ दे खड्ड्यात! पत्र्यावर लिहाले तुले वेळ होता. 'बाई, यंदा जाळू नको' एवढंच म्हनायचं होतं, तर जीभ झिजत होती का तुही? म्या यंदा मोह वेचलाच नसता! एक साल नाई वेचला तर मेली असती का मी? अरे, ते लेकरू रोज माह्यासमोर निजून राहे. म्या खराट्याचा आवाज नाई होऊ दिला. आणि तू—" तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "जा. आधी गार्डले सांग. साऱ्या गावासमोर सांग, माह्या कानात नोको सांगू. तोवर माह्या अंगनात येऊ नोको."

पाणीही विचारलं नाही. बरोबर केलं तिनं.

२० मार्च

सांगितलं. ऑफिसला बाईच्या आधी जाऊन बसलो, गार्डला घेऊन गावात आलो आणि विहारासमोर उभा राहून सांगितलं. कंडक्टरचा आवाज काढला, शेवटच्या सीटपर्यंत जावा असा. "आग मी लावली. सुमनबाईनं पाला झाडला होता, आग लागू नये म्हणून. बंडी मागितली, मी खोटं बोलून दिली नाही. पाडस मी मारलं."

दुधराम म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, चुकून होते." मी त्याला म्हटलं, तू गप. तुझे कुत्रे यंदा माझ्या वावरात दिसले तर तुझ्या दारात आणून बांधीन. त्याच्यावर ओरडायला मला हक्क नाही, पण ओरडलो.

जबाबावर सही केली. केस होईल म्हणाले. होऊ दे.

२४ मार्च

मोह गळायला लागला. पट्टी काळी आणि मधे बाईने झाडलेलं ते गोल अंगण, त्याच्यावर फिक्कट पिवळी फुलं पडलेली. काल निरोप आला, तिनेच पाठवला, "यंदा वेचनार नाई. चितळं खातील तर खाऊ दे. पन लपाले काही नाई, कुत्रे येतील. सकाळी ये." एवढंच.

गेलो. ती आधीच आली होती. म्हणाली, "कुत्रे गावाकडून येतात. तू तिकडं बैस, मी इकडं." काठी घेऊन बसलो.  तिचा राग गेला नाही, जाईल असंही दिसत नाही.

उजाडल्यावर चितळीण आली. एकटी. उघड्यावर यायला घाबरत होती, एक पाऊल टाके, थांबे. मग झाडाखाली गेली, चार फुलं खाल्ली. मग मान उचलली आणि जिथे तो ढीग होता तिकडे पाहून बारीक आवाज काढला. थांबून ऐकलं. पुन्हा काढला. राखेत गेली, हुंगलं, फिरली, पुन्हा आवाज.

मी मान खाली घातली.

"वर पाह्य," पलीकडून बाई म्हणाली. तिच्या आवाजात पाणी होतं, पण दया नव्हती. "मी रोज पाहून राहिली. तू बी पाह्य."

मी पाहिलं. चितळीण जाईपर्यंत पाहिलं. उद्याही जाणार आहे.